ग्रीन वार्डिमन ब्लॅक

ग्रीन वार्डिमन ब्लॅक (३ ऑगस्ट १८३६ – ३१ ऑगस्ट १९१५) हे अमेरिकन दंतवैद्य, संशोधक व अध्यापक होते. त्यांनी दातावरील स्थानानुसार केलेले दंतक्षयाचे वर्गीकरण आजही दंतमहाविद्यालयांत शिकवले जाते.

जीवन

ब्लॅक यांचा जन्म इलिनॉय राज्यातील विंचेस्टरजवळ शेतकरी कुटुंबात झाला. कोणत्याही दंतमहाविद्यालयात न शिकता, १८५७ मध्ये जे. सी. स्पीअर या दंतवैद्याकडे अल्पकाळ उमेदवारी करून त्यांनी व्यवसाय सुरू केला. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात होते. १८६४ पासून जॅक्सनव्हिल येथे व्यवसाय सांभाळून त्यांनी रसायनशास्त्र व सूक्ष्मदर्शकाचा स्वतःच अभ्यास केला. १८९७ पासून मृत्यूपर्यंत ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाळेचे अधिष्ठाता होते. १९०८ मध्ये त्यांचा दंतोपचारावरील द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

वर्गीकरण

पहिल्या वर्गात दातांवरील खळगे व खाचांतील कीड येते. दुसऱ्यात दाढा व उपदाढांच्या, तर तिसऱ्यात पटाशीच्या दातांच्या व सुळ्यांच्या, शेजारच्या दाताला लागून असलेल्या बाजू येतात. समोरच्या दाताचा कोपराही गेला असेल तर तो चौथा वर्ग. हिरडीलगतची कीड पाचव्या वर्गात मोडते. सहावा वर्ग नंतर इतरांनी जोडला.

दुसऱ्या वर्गातील कीड आरशाने सहसा दिसत नाही. क्ष-किरणचित्रात मात्र ती काळसर छायेसारखी उमटते, कारण खनिजे झिजलेल्या भागातून किरण अधिक पार होतात. छाया इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्या भागात आहे, आतल्या अर्ध्यात आहे की डेंटिनमध्ये उतरली आहे, यावरून तीव्रता ठरवतात. बरीच खनिजे गेल्याशिवाय छाया उमटत नसल्याने प्रत्यक्ष कीड चित्रात दिसते त्याहून खोल असते. ब्लॅक यांच्या वर्गांत ही खोली मोजलेली नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा असला, तरी त्यांच्या हयातीत दातांची अशी चित्रे नित्याची झाली नव्हती.

कीड पुन्हा लागू नये म्हणून लगतचा निरोगी भागही कोरावा, असे त्यांचे मत होते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट नसलेल्या काळात ते समजण्यासारखे होते. पण त्यामुळे पुष्कळ चांगला दात वाया गेला. आज पृष्ठभाग न तुटलेली, इनॅमलपुरती कीड सहसा कोरत नाहीत. १९९७ मध्ये माउंट व ह्यूम यांनी स्थान आणि आकार या दोन्हींवर आधारित वर्गीकरण मांडले.

तपकिरी डागांचे संशोधन

कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांच्यासह ब्लॅक यांनी १९०९ पासून तेथील लोकांच्या दातांवरील तपकिरी डागांचा अभ्यास केला. हे दात डागाळलेले असूनही किडीला सहजासहजी बळी पडत नाहीत, असे त्यांना आढळले. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड हे त्याचे कारण १९३१ मध्ये, ब्लॅक यांच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी, उघड झाले. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलातही फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले असून तेथे असे डाग दिसतात. ते अनेकदा कीड समजले जातात. वरवरच्या डागाची क्ष-किरणचित्रात किडीसारखी छाया पडत नाही, त्यामुळे कोरण्यापूर्वी चित्र काढून पाहणे उपयोगी ठरते.