मातीतून ऑलिंपिकपर्यंत : मल्ल खाशाबा जाधव

चैत्र उजाडला, की रिकाम्या झालेल्या शिवारात जत्रांचा हंगाम सुरू होतो. मराठवाडा असो वा पश्चिम महाराष्ट्र, देवाची पालखी निघाली की पाठोपाठ कुस्त्यांचा फड ठरलेलाच. आधी रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या आणि दिवस कलताना मोठ्या इनामाच्या. वर्गणी गावाची, पंचही गावचेच. २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धेचे यजमानपद भूषविणाऱ्या धाराशिवला ही परंपरा परकी नाही. अशा लोकाश्रयाच्या बळावर एक ग्रामीण मुलगा किती दूर जाऊ शकतो, हे खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या चरित्रातून दिसते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब नामांकित मल्ल. पाच भावांत धाकटे असलेल्या खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना अर्थसाह्य केले. तोवर मातीत लढलेल्या खाशाबांपुढे तेथे गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम उभे ठाकले. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळविले. पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट मात्र अधिक खडतर ठरली. निवड चाचणीत अन्याय झाल्याचे वाटल्याने त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत झाली आणि प्रतिस्पर्ध्याला चीत करून त्यांनी आपली जागा मिळविली. त्यानंतर प्रश्न होता प्रवासखर्चाचा. गावकऱ्यांनी आणि स्नेह्यांनी वर्गणी जमविली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमविले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ झुंज देऊन ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. नियमावर बोट ठेवून त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकातील कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. ती लढत त्यांनी गमावली, पण कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ मध्ये लिअँडर पेसपर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले.

कराडला परतलेल्या खाशाबांची शंभराहून अधिक बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. पुढे कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवून त्यांनी खर्डेकरांचे ऋण फेडले. ज्या मैदानाने त्यांना घडविले, त्याच मैदानाने त्यांची परतफेडही केली.

१९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती मृत्यूने त्यांना गाठले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

खाशाबांच्या गुणवत्तेला राजमान्यता उशिरा मिळाली. लोकमान्यता मात्र पहिल्यापासून होती. गावाने वर्गणी काढली नसती आणि एका शिक्षकाने घर पणाला लावले नसते, तर हे पदक भारताच्या नावावर लागलेच नसते. जत्रेतल्या रेवड्यांच्या कुस्तीकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्या मातीत उतरणाऱ्या एखाद्या पोराला पुढच्या वाटखर्चासाठी कोणाचे तरी घर गहाण पडावे लागू नये, हीच खाशाबांना खरी आदरांजली ठरेल.