विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स

कापडाच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मुलाने पुढे साऱ्या जगाला भविष्यकाळाचे दर्शन घडवावे, ही गोष्ट कादंबरीतच शोभावी अशी आहे. हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांच्या आयुष्यात ती प्रत्यक्ष घडली.

त्यांचा जन्म 21 सप्टेंबर 1866 रोजी इंग्लंडमधील ब्रॉम्ली गावी झाला. वडिलांचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान जेमतेम चाले. पुढे माता एका जमीनदाराच्या वाड्यावर कारभारीण म्हणून राहिली. सातव्या वर्षी पाय मोडून हर्बर्ट अंथरुणास खिळला आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याला वाचनाचा छंद जडला. कापड दुकानातील उमेदवारी त्याने दोन वर्षे कशीबशी सोसली. पुढे शाळेत शिकता शिकता तो शिकवू लागला व 1884 साली शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या विज्ञान विद्यालयात दाखल झाला. तेथे थॉमस हक्स्ली यांच्यासारखा गुरू लाभला.

या विद्येचे फळ 1895 साली ‘द टाइम मशीन’ या कादंबरीच्या रूपाने प्रकटले. पाठोपाठ ‘द इनव्हिजिबल मॅन’ (1897) व ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (1898) प्रसिद्ध झाल्या.

अशा कथा कशा लिहाव्यात, याचेही वेल्स यांनी सूक्ष्म चिंतन केले होते. आपल्या विज्ञानकादंबऱ्यांच्या 1933 सालच्या संग्रहास लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी ते मांडले. लेखकाने अशक्य कल्पना एकच घ्यावी. बाकी सारे व्यवहार रोजच्या जीवनासारखे ठेवावेत. कारण काहीही घडू शकते असे म्हटले, की वाचकाची उत्कंठाच संपते. ज्यूल व्हर्न यांनी शक्य कोटीतील शोध वर्णिले. आपले साहित्य त्याहून वेगळे आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

चित्रपटांकडेही ते याच चिकित्सक दृष्टीने पाहत. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’वर त्यांनी 1927 साली कठोर टीका केली. यंत्रे वाढली की मनुष्याचे काबाडकष्ट घटतात. त्या चित्रपटात मात्र यंत्रांपायी गुलामच वाढलेले दिसतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पुढे त्यांनी स्वतः ‘थिंग्ज टु कम’ या चित्रपटाची पटकथा लिहिली. 1936 साली पडद्यावर आलेल्या या चित्रपटात 1940 साली महायुद्ध सुरू होऊन विमाने शहर उद्ध्वस्त करतात, असे दाखविले होते. त्या चित्रपटावर ते स्वतः संतुष्ट नव्हते. तथापि 1940 साली लंडनवर खरोखरच बॉम्ब पडले, तेव्हा ते त्याच शहरात राहत होते.

त्याहून विलक्षण योग ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या 1914 सालच्या कादंबरीचा. तीत त्यांनी अणुबॉम्बची कल्पना केली होती. शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ती 1932 साली वाचली आणि पुढच्याच वर्षी त्यांना अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. 1945 साली हिरोशिमाचा संहार झाला, तो वेल्स यांच्या हयातीतच. पुढल्या वर्षी, 13 ऑगस्ट 1946 रोजी, त्यांनी लंडनमध्ये देह ठेवला.

ज्या ग्रंथातून त्यांनी जगाला इशारा दिला, तोच एका शास्त्रज्ञाच्या मनात घर करून राहिला. राज्यकर्त्यांनी मात्र तो इशारा मनावर घेतला नाही. विज्ञान शक्ती देते, विवेक आपला आपणच जोपासावा लागतो, हा बोध या चरित्रातून मिळतो. आपल्या घरांतील मुलामुलींच्या हाती वेल्स यांचे ग्रंथ अवश्य द्यावेत. आज अंथरुणाला खिळून पुस्तक वाचणारे मूल उद्या काय घडवील, हे कोणी सांगावे?