गिल्बर्ट वॉकर आणि विसावा प्रयत्न

बदलापूरच्या पावसाच्या डेटावर विंडो आणि थ्रेशोल्ड बदलत बसलो होतो. विसाव्या प्रयत्नाला ग्राफ झकास जुळला. आधी आनंद झाला, मग गिल्बर्ट वॉकर आठवले.

१८६८ साली जन्मलेले हे केंब्रिजचे गणितज्ञ १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. १८९९ चा दुष्काळ ताजा होता; मान्सूनचा अंदाज म्हणजे लोकांच्या जिवाचा प्रश्न. जगभरच्या नोंदी ताडून बघताना त्यांना 'सदर्न ऑसिलेशन' सापडलं: पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका. पण भरपूर घटक तपासले की एखादा योगायोगानेही जुळतो, हे ओळखून त्यांनी निकष कडक ठेवला. १९५८ मध्ये ते गेले.

मग मीही माझी सेटिंग बाजूला ठेवलेल्या पाच वर्षांच्या डेटावर तपासली. जुळणी उडाली. असा ग्राफ पुराच्या रात्री उल्हास नदीकाठी कोणाच्या कामाचा?