मास्तर कृष्णराव : चालीला पाऊल देणारे आळंदीकर

ओतूरला बाबाजी चैतन्यांच्या समाधीवर आणि आळ्याला माउलींच्या रेड्याच्या समाधीवर माथा टेकवायचा, मग नारायणगाव, मंचर, खेड, चाकण करत आळंदी गाठायची. जुन्नर-आंबेगावच्या माणसांची ही वाट आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांत बदलली नाही. या अंकात संतचरित्रं पुष्कळ आहेत. आम्ही मात्र आळंदीतच जन्मलेल्या एका गवयाचं चरित्र लिहायला घेतलं आहे, आणि त्याला कारण आपल्याच दिंडीतलं भांडण.

मागे एका वर्षी मंचरच्या मुक्कामानंतर सकाळी पोरांनी रूपकातली एक जुनी चाल भजनी ठेक्यात धरली. आमच्यातल्या एका जुन्या टाळकरी बाबांनी तिथंच टाळ गळ्यातून काढले. चाल बाटवली, म्हणाले. खेड येईपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत.

बाबांचं अगदीच चुकलं असंही नाही. रूपक सात मात्रांचा. माणसाला पाय दोन. एका आवर्तनाची सम डाव्या पायावर आली की पुढची उजव्यावर येते, आणि चालताना टाळ-पावलाची चुकामूक होते. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो पावलात बसतो. पण साताचे आठ करायचे तर एक मात्रा कुठंतरी वाढवावी लागते. ती चरणाच्या शेवटी वाढवली तर विसावा वाटतो, शब्दाच्या पोटात वाढवली तर शब्द मोडतो. अभंगाचं त्यातल्या त्यात बरं असतं. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, म्हणजे शेवटच्या चरणात दोन अक्षरांची जागा मोकळीच. पोरांनी त्या दिवशी शब्द मोडला होता, हे आम्ही कबूल करतो.

हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर ज्यांच्यापुढं उभी राहिली ते मास्तर कृष्णराव. पूर्ण नाव कृष्णराव गणेश फुलंब्रीकर. जन्म देवाची आळंदी, २० जानेवारी १८९८. लहान वयातच ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत गेले. गोड गळ्याचा पोरगा म्हणून नाव झालं. पुढं भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू लाभला. १९२२ साली बुवा गेले. गंधर्व नाटक मंडळीच्या चालींचा आणि पुण्याच्या भारत गायन समाजाचा भार मग शिष्यावर आला.

आपल्याला मास्तर ठाऊक आहेत ते कान्होपात्रेमुळं, मग नाव माहीत असो नसो. १९३१ साली गंधर्व मंडळीनं कान्होपात्रा नाटक रंगभूमीवर आणलं. त्यातल्या अभंगांना मास्तरांच्या चाली होत्या आणि गळा बालगंधर्वांचा. आपल्या देवळातले अभंग तबला आणि ऑर्गनवर गेले. मग गंमत अशी झाली, की नाटकातल्या त्या चाली भजनी मंडळांनी उचलल्या, त्यांना पखवाज लावला, आणि आज गावोगाव त्या जुन्याच आहेत असं समजून म्हणतात. १९३५ च्या धर्मात्मा या एकनाथ महाराजांवरच्या प्रभातच्या बोलपटाला त्यांचंच संगीत. १९४४ च्या भक्तीचा मळा मध्ये तर ते स्वतःच सावता माळी झाले.

पण त्यांच्या जिवाला लागलं होतं ते वंदे मातरम्. बंकिमचंद्रांचं हे गीत ते झिंझोटी रागात म्हणत. इंग्रजी अमलात मुंबई रेडिओवर त्यांनी ते गायला सुरुवात केली, तसा ध्वनिक्षेपक बंद करण्यात आला. मास्तरांनी स्वातंत्र्य मिळेपर्यंत रेडिओवर गाणंच सोडलं. गवयाच्या पोटावर पाय येतो यात, पण सोडलं.

स्वातंत्र्य आलं आणि राष्ट्रगीत कोणतं हा प्रश्न निघाला. वंदे मातरम् बँडवर नीट वाजत नाही, असा आक्षेप होता. पंतप्रधान नेहरूंचंही मत तसंच. आता बघा, बँडची पितळी वाद्यं मींड घेत नाहीत, मुरकी घेत नाहीत. शिपायाचं पाऊल डावं-उजवं, डावं-उजवं पडतं, ते कुणाच्या तानेसाठी थांबत नाही. ज्या हरकतींसाठी लोक मास्तरांच्या मैफिलीला गर्दी करत, त्याच इथं काढून टाकायच्या होत्या. त्यांनी त्या काढल्या. राग झिंझोटीच, शब्द तेच, चलन मात्र सरळ आणि पाऊल टाकता येईल असं. मुंबईतल्या इंग्रज बँडमास्तरांची मदत घेऊन त्यांनी ते बँडवर बसवलं, दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सभासदांना ऐकवलं.

२४ जानेवारी १९५० ला निर्णय झाला. राष्ट्रगीत जन गण मन. वंदे मातरम् ला तेवढाच मान, पण जागा दुसरी. एवढी वर्षं घातलेल्या माणसाला काय वाटलं असेल, ते आम्ही सांगायला नको. बँडवर वाजत नाही हे मात्र कुणाला म्हणता येईना.

मास्तर थांबले नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदनेला पाली भाषेत स्वर दिले. सात भागांचा रागसंग्रह लिहिला. १९७१ ला पद्मभूषण मिळालं. २० ऑक्टोबर १९७४ ला पुण्यात देह ठेवला.

टाळ काढणाऱ्या त्या बाबांना पुढच्या वारीत आम्ही ही सगळी हकीकत ऐकवली. पोरांनीही मधल्या वर्षात चाल पुन्हा बसवली होती, वाढीव मात्रा चरणाच्या शेवटी नेली होती. बाबांनी ऐकून घेतलं, हो-नाही काही म्हणाले नाहीत. आता विसाव्याला बसलं की ते ती चाल रूपकातच म्हणायला लावतात, पखवाजवाल्याकडं डोळे वटारून बघतात. रस्त्याला लागलं की आठांत टाळ धरतात, कुरकुर करत का होईना.