डॉ. जॉर्ज बीट्सन

स्तनाच्या कर्करोगावरील गोळीचे मूळ चक्क गोठ्यात आहे! १८४८ साली सिंहलद्वीपात त्रिंकोमाली येथे जन्मलेले बीट्सन ग्लासगोत शस्त्रवैद्य झाले. व्यालेल्या गाईचे अंडाशय काढल्यास ती अधिक काळ दूध देते, असे परदेशी गोपालक मानीत. यावरून अंडाशयाचा स्तनावर अंमल चालतो, हे त्यांनी ताडले. १८९५ साली रोग बळावलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे अंडाशय त्यांनी काढले. गाठी विरल्या, ती सुमारे चार वर्षे जगली. पुष्कळींना मात्र गुण येईना. संप्रेरकावर पोसणाऱ्या गाठीच त्याने दबतात, हे कळण्यापूर्वीच १९३३ साली ते वारले. टॅमॉक्सिफेनची गोळी आज अशा गाठींवरील तोच अंमल शस्त्रावाचून रोखते. शस्त्रक्रियेनंतर ती पाच, कधी दहा वर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून मध्येच सोडली, तर रोग उलटण्याची भीती वाढते.