लॉर्ड ॲटकिन आणि बाटलीतली गोगलगाय
जेम्स रिचर्ड ॲटकिन १८६७ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जन्मले, वाढले मात्र वेल्समध्ये. १८९१ साली बॅरिस्टर झाले, तरी आरंभी हाती खटलेच नव्हते! पुढे न्यायाधीश होऊन १९२८ साली ते हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायासनावर पोचले.

त्याच वर्षी स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी एक बाई जिंजर बिअर प्यायली. बाटलीतून कुजकी गोगलगाय निघाली व आपण आजारी पडलो, अशी तिची तक्रार. पैसे मैत्रिणीने दिलेले. म्हणजे करार नाही, आणि करार नाही म्हणून दाद नाही. जवळ पाच पौंडही नसलेली ही बाई लॉर्डांपर्यंत भांडत गेली. १९३२ साली ३ विरुद्ध २ मतांनी ती जिंकली. माल ज्याच्या पोटात जाणार, त्याची काळजी कारखानदाराने घेतलीच पाहिजे, हे ॲटकिन यांच्या निकालपत्राने पक्के केले. गोगलगाय खरोखर होती का, हे मात्र शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. प्रकरण तडजोडीत मिटले. ॲटकिन १९४४ साली वारले.