विल्यम कॉबेट : व्याकरण शिकलेला शिपाई

व्याकरण हा विषय पुष्कळ विद्यार्थ्यांस रुक्ष वाटतो. इंग्रजी वाक्यांतील कर्ता कोणता व क्रियापद कोणतें ह्याची चिकित्सा सुरू झाली कीं मन कंटाळतें, आणि परीक्षा आटोपतांच पुस्तक कायमचें मिटून टाकावेंसें वाटतें. परंतु ज्यानें हाच विषय पोटास चिमटा घेऊन साध्य केला व त्याच्या बळावर मोठमोठ्या राजमंत्र्यांशीं सामना केला, अशा एका शेतकऱ्याच्या मुलाचें चरित्र अवश्य ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

विल्यम कॉबेट ह्याचा जन्म इंग्लंडांतील सरे परगण्यांत फार्नहॅम ह्या गांवीं ता. ९ मार्च १७६३ रोजीं झाला. शेतांतील पांखरें हांकणें हें त्याचें पहिलें काम. लिहिणें, वाचणें व थोडें गणित एवढेंच काय तें त्यास बापाकडून मिळालें. अकराव्या वर्षीं तो एकदां पायीं क्यू गांवीं चालला असतां वाटेंत एका दुकानांत त्यास स्विफ्टचें एक पुस्तक दिसलें. खिशांत अवघे तीन पेन्स होते. जेवण घ्यावें कीं पुस्तक घ्यावें, असा प्रश्न पडला, आणि त्यानें पुस्तक घेतलें ! वाचतां वाचतां अंधार पडला, तेव्हां गवताच्या गंजीशेजारींच तो निजला.

तरुणपणीं तो लंडनला गेला. कांहीं महिने एका वकिलाच्या कचेरींत लेखनिकाचें काम करून नंतर तो पायदळांत शिपाई झाला. अक्षर सुवाच्य असल्यामुळें चॅटम येथील छावणींत कर्नल डेबीग ह्या अधिकाऱ्याचे कागद उतरून काढण्याचें काम त्याजकडे आलें. परंतु नक्कल करणारा मनुष्य एकेक अक्षर पाहून लिहीत नाहीं, वाक्य ध्यानांत घेऊन लिहितो. व्याकरण ठाऊक नसल्यामुळें त्याच्या नकलेंत चुका राहूं लागल्या. कर्नलनें त्यास अभ्यास करण्याचा उपदेश केला.

कॉबेटनें बिशप लाउथ ह्याचें इंग्रजी व्याकरण मिळविलें. तें दोन-तीन वेळां लिहून काढलें, अथपासून इतिपर्यंत पाठ केलें, व पहाऱ्यावर उभा असतां दर पाळीस तें एकदां सबंध म्हणण्याचा नेम केला. पगार दिवसाला सहा पेन्स. बिछान्याची कड हें त्याचें आसन, पाठीवरची पिशवी हें कपाट व मांडीवरची फळी हें मेज. दिव्याच्या तेलास पैसा नसे. हिवाळ्यांत शेकोटीचा उजेड, तोहि आपली पाळी येईल तेव्हां. भोंवतीं सोबत्यांचा हशा, गाणीं व भांडणें चालूच असत. लेखणी-कागदासाठीं कित्येकदां अर्धपोटीं राहावें लागे. एकदां सकाळीं मासा विकत घेण्यासाठीं त्यानें अर्धा पेनी जपून ठेवला होता. रात्रीं भुकेनें व्याकूळ होऊन पाहतो तों तो हरवलेला ! त्या रात्रीं हा शिपाईगडी पांघरुणांत तोंड लपवून लहान मुलासारखा रडला. पुस्तक मात्र त्यानें सोडलें नाहीं.

पुढें उत्तर अमेरिकेंत न्यू ब्रन्स्विक येथें तो सार्जंट-मेजर झाला. पलटणीचे कागदपत्र हातीं येतांच कांहीं अधिकारी शिपायांच्या हक्काचा पैसा खातात असें त्यास दिसून आलें. नोकरी सोडल्यावर त्यानें फिर्याद केली, पण ती आपल्यावरच उलटणार असें पाहून १७९२ सालीं त्यास देश सोडावा लागला. फिलाडेल्फिया येथें फ्रेंच निर्वासितांस इंग्रजी शिकवून त्यानें पोट भरलें. १८०० सालीं परतल्यावर त्यानें १८०२ पासून ‘पोलिटिकल रजिस्टर’ हें पत्र चालविलें. शिपायांस फटके मारण्याविरुद्ध लिहिल्याबद्दल १८१० सालीं त्यास दोन वर्षें तुरुंगवास व एक हजार पौंड दंड झाला.

गरिबास व्याकरण कशाला हवें, असें म्हणणारे तेव्हां पुष्कळ होते. परंतु १७९३ सालीं शेफील्डच्या लोकांचा मताधिकाराविषयींचा अर्ज, भाषा अदबशीर नाहीं ह्या सबबीवर पार्लमेंटानें नाकारला होता. ज्याची भाषा सदोष, त्याचें गाऱ्हाणें ऐकण्याचें कारण नाहीं, असाच हा न्याय ! कॉबेटनें त्यावर उपाय योजिला. १८१७ सालीं पुन्हां अमेरिकेस जाऊन लाँग आयलंडवर शेती करीत असतां त्यानें आपला चौदा वर्षांचा मुलगा जेम्स ह्यास पत्रें लिहून व्याकरण समजावून दिलें. तें पुस्तक १८१८ सालीं न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झालें. शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर व नांगर हांकणारीं मुलें ह्यांच्यासाठीं तें आहे, असें त्यानें मुखपृष्ठावरच नमूद केलें.

वाक्य म्हणजे शब्दांची रास नव्हे, हें त्या पुस्तकाचें सार. मराठींत ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हणा किंवा ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हणा, चावणारा कुत्राच. कारण प्रत्यय अर्थ सांभाळतो. इंग्रजींत मात्र दोन नामांची जागा बदलली कीं माणूसच कुत्र्यास चावतो ! म्हणून प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा, मध्यें कितीहि शब्द आले तरी त्या दोघांचें वचन जुळवावें, आणि ‘इट’ हें सर्वनाम कोणासाठीं आलें ह्याचा विचार केल्याखेरीज तें लिहूं नये, असें तो मुलास बजावतो. पुढील आवृत्तींत तर राजाच्या व मंत्र्यांच्या भाषणांतील अशाच चुका त्यानें एकेक करून दाखविल्या.

त्याची लेखणी निर्दोष होती असें नाहीं. रागाच्या भरांत त्यानें अनेकांस अन्याय केला. यहुदी व कृष्णवर्णीय लोकांविषयीं त्याचें लिखाण अनुदार होतें. तथापि गरिबांची बाजू त्यानें सोडली नाहीं. १८३२ सालीं ओल्डहॅमतर्फे तो पार्लमेंटांत निवडून आला, व ता. १८ जून १८३५ रोजीं मरण पावला.

विद्यार्थी मित्रहो, व्याकरणाचा धडा नकोसा वाटेल तेव्हां शेकोटीच्या उजेडांत आपल्या पाळीची वाट पाहणारा तो शिपाई आठवा. शुद्ध वाक्य लिहितां येणें हा श्रीमंतांचा अलंकार नव्हे. आपलें म्हणणें कोणास टाळतां येऊं नये म्हणून तें प्रत्येकास हवें.